वक्तृत्व स्पर्धेच्या मार्कांत ऐकणाऱ्याला जागा कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण विषय बरेच दिवस मनात आहे आणि तो फक्त आमच्या तालुक्यापुरता नाही, म्हणून पाठवतेय.

मी ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात, आता रिटायर आहे. नोकरीत रोज चार माणसांपुढे उभं राहून काही ना काही सांगावं लागायचं, म्हणून असेल कदाचित, पण गेली काही वर्षं आसपासच्या शाळा मला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावतात. यंदा २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाच्या स्पर्धेला गेले होते. लहान गटाला विषय होता 'पाणी हेच जीवन' आणि मोठ्या गटाला 'संविधान आणि मी'. २३ मुलं बोलली आणि जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकच, 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो', मग एक चारोळी, मग आवाज चढवायचा, मूठ वर करायची, शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते'. मुलांची अजिबात चूक नाही, त्यांना जसं शिकवलं तसं ती बोलली आणि खूप मेहनत घेऊन बोलली हे मी आधीच सांगते.

त्यात सातवीतली एक मुलगी होती. पाण्यावर बोलताना ती म्हणाली की पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलाय, पाणी म्हणजे अमृत, पाण्याचा थेंब न थेंब वाचवा. मधेच एक ओळ विसरली, डोळे मिटून आठवायला लागली, आठवेना, डोळ्यांत पाणी आलं आणि खाली बसली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती नळाजवळ ताट धुवत होती तेव्हा मी सहज विचारलं, बाळ तुमच्या वस्तीवर पाणी कुठून येतं गं. तर ती जी बोलायला लागली! म्हणाली, बाई आमच्याकडे एक दिवसाआड टँकर येतो, तो पाणी विहिरीत ओततो, मग सगळ्यांनी पोहऱ्याने शेंदायचं, ज्यांच्याकडे मोटर आहे ते आधी ओढून घेतात, आजीला शेंदायला जमत नाही म्हणून मी आणि आई पहाटेच जातो, घरात सहा माणसं आहेत आणि हंडा १५ लिटरचा, टँकर आला की १२ हंडे भरतो आणि त्यात दोन दिवस काढतो, पहिलं पाणी गढूळ असतं म्हणून आधी जुन्या धोतराच्या फडक्याने गाळतो मग तुरटी फिरवतो. हातात ताट तसंच, पाणी गळतंय, आणि विहीर कुठे, रांग कुठे, मोटर कुठे हे ती त्या ओल्या बोटाने ओट्यावर काढून दाखवत होती.

संपादकसाहेब, मला तीन मिनिटांत त्या वस्तीचं पाणी समजलं. मी उठून कुणालाही सांगू शकले असते की तिथे अडचण नेमकी काय आहे. आणि हीच मुलगी स्टेजवर नापास झाली होती, कारण आमच्या हातातल्या गुणपत्रकावर पाठांतराला मार्क होते, उच्चाराला होते, हावभावाला होते, सभाधीटपणाला होते, वेळेलाही होते, पण ऐकणाऱ्याला काही कळलं का याला एकही मार्क नव्हता.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की माणसांपुढे उभं राहून बोलायची मुळात दोन कामं असतात, एक माहिती देणं आणि दुसरं पटवणं, आणि ही दोन्ही वेगवेगळी आहेत. माहिती दिली की ऐकणाऱ्याला ती घरी जाऊन दुसऱ्याला सांगता आली पाहिजे किंवा करून बघता आली पाहिजे. पटवलं की त्याने काहीतरी एक बदललं पाहिजे, हो म्हटलं पाहिजे. आपण मुलांना या दोन्हीतलं काहीच शिकवत नाही, आपण त्यांना न अडखळता म्हणून दाखवायला शिकवतो, आणि मग तीच मुलं मोठी होऊन ग्रामसभेत, बचत गटात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक तर गप्प बसतात नाहीतर 'आदरणीय व्यासपीठ' करतात.

माहिती देण्याचा धडा मला स्वतःला फार कडू अनुभवातून मिळाला, तो सांगते. नोकरीतलं दुसरं की तिसरं वर्ष, पावसाळ्याचे दिवस, जुलाबाची साथ. एका वस्तीवर मी बायकांना गोळा करून जलसंजीवनीवर चांगलं अर्धा तास बोलले, शरीरातलं पाणी कसं कमी होतं, क्षार म्हणजे काय, निर्जलीकरण म्हणजे काय, सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं. बायका माना डोलवत होत्या, मला वाटलं झालं काम. सगळ्यांना पुडे वाटले. दुसऱ्या दिवशी एका घरात गेले तर तिथल्या आईने अख्खा पुडा एका पेल्यात कालवला होता आणि लेकराला चमच्याने पाजत होती, लेकरू तोंड वाकडं करत होतं. तो पुडा १ लिटर पाण्याचा. पेल्यात कालवला तर मीठ इतकं जास्त होतं की लहान मुलाला त्याने उलट अपाय होतो. मी वेळेवर पोचले, लेकरू वाचलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ती बाई अडाणी नव्हती, तिने ऐकलंही होतं, मीच अर्ध्या तासात '१ लिटर' हा शब्द एकदाच बोलले होते आणि तोही मधेच कुठेतरी, आणि १ लिटर म्हणजे तिच्या घरातलं कोणतं भांडं हे तर सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. घरात जायचं, त्यांचाच तांब्या घ्यायचा, मापून बघायचं की किती तांबे म्हणजे लिटर, आणि मग बोलायचं. पुडा नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरलेला, एवढंच सांगायचं, तेही करून दाखवत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी कुणाला तरी पुढे बोलवायचं, आता तुम्ही करून दाखवा बरं. 'समजलं का' असं विचारणं मी बंदच केलं, कारण समजलं का म्हटलं की आपल्याकडे सगळे हो म्हणतात, नर्सबाईंना वाईट वाटू नये म्हणून पण हो म्हणतात. करून दाखवताना जिथे चुकेल तिथे आपलं बोलणं कमी पडलेलं असतं. निर्जलीकरण वगैरे शब्द मी पुढे कधी वापरलेच नाहीत, 'टाळू खोल गेली का बघा, चिमटीत धरलेली कातडी लगेच खाली बसते का बघा' एवढं पुरायचं.

एक गोष्ट धरून राहणं हे तर आपल्या मातीतलंच आहे. वारकरी कीर्तनात बुवा दोन तास उभे राहतात पण निरूपणाला अभंग एकच घेतात. दृष्टांत येतात, इतर संतांची प्रमाणं येतात, हशा पिकतो, टाळकरी चाल धरतात, पण फिरून फिरून परत त्याच अभंगावर, आणि म्हणून म्हातारी माणसंसुद्धा घरी जाताना सांगू शकतात की आज बुवांनी कोणता अभंग घेतला होता. नारदीय कीर्तनात तर सरळ दोन भागच असतात, पूर्वरंगात विषय समजावून सांगायचा आणि उत्तररंगात आख्यान लावून तो मनावर ठसवायचा. म्हणजे आधी माहिती मग पटवणं, हा क्रम आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात कधीपासून चालू आहे, शाळेच्या हॉलमध्ये तेवढा आलेला नाही.

आणि गाडगेबाबा. ते विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, पण पंढरपुरात त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या त्यामुळे आमच्या जिल्ह्याला ते आपलेच वाटतात. १९५६ साली ते गेले, मी काही त्यांना बघितलेलं नाही, पण माझे वडील त्यांच्या कीर्तनाबद्दल सांगायचे. बाबा दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, असं करत करत नवसाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला हे लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. आपण स्वतः बोललेलं माणूस सहजासहजी नाकारत नाही. आणि सकाळी ज्याने आपली गटार साफ केली त्याचं रात्री कोण ऐकणार नाही. बोलणाऱ्यावरचा विश्वास हा माईक हातात घेण्याच्या आधीच तयार झालेला असतो.

आता मोठ्या गटाबद्दल. संविधानावर बोलताना एकूण एक मुलाने आवाज चढवून सांगितलं की बाबासाहेबांनी जगातली सर्वात मोठी लिखित राज्यघटना दिली. खरं आहे. पण त्यातल्या एकालाही कुणी हे सांगितलं नव्हतं की ज्या दिवसासाठी आपण बोलतोय त्याच्या बरोब्बर आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेब स्वतः संविधान सभेत कसे बोलले होते. माझ्या मुलाने मला त्याचं मराठी भाषांतर आणून दिलं होतं, मी ते किती वेळा वाचलंय. तेव्हा टीका होत होती की घटना करायला फार वेळ लावला, जनतेचा पैसा वाया घालवला. बाबासाहेब चिडून बोलत नाहीत. ते आधी हिशोब मांडतात, ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा भरली त्याला आता २ वर्षं ११ महिने १७ दिवस झाले. मग दुसऱ्या देशांनी किती वेळ घेतला ते सांगतात, अमेरिकेला ४ महिने लागले, कॅनडाला २ वर्षं ५ महिने, ऑस्ट्रेलियाला ९ वर्षं. अमेरिकेला तर कमी लागले की, असं कुणी म्हणायच्या आत ते म्हणतात की अमेरिकेच्या घटनेत कलमं फक्त ७ आहेत, आपल्या घटनेत ३९५, आणि आपल्याकडे ७,६३५ च्या आसपास दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. समोरच्याच्या मनात येणारा प्रश्न त्याच्या आधी आपणच घ्यायचा आणि आकड्याने सोडवायचा! आकडे तिथे भारंभार नाहीत, प्रत्येक आकडा एका शंकेचं उत्तर आहे. आमच्या मुलीच्या भाषणातला ७१ टक्के कुठल्याच शंकेचं उत्तर नव्हता, तिचे १२ हंडे होते.

पुढे ते श्रेय वाटतात, सल्लागार बी. एन. राव, मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांची नावं घेऊन, आणि विरोधात बोलणाऱ्या सभासदांचेही आभार मानतात की तुमच्यामुळे चर्चा जिवंत झाली. एवढं सगळं झाल्यावर, म्हणजे माहिती देऊन झाली, विश्वास बसला, मग ते पटवायला सुरुवात करतात, आणि तिथे गोष्टी तीनच. आंदोलनासाठी घटनेच्या मार्गानेच जा, राजकारणात कुणाचीही भक्ती करू नका, आणि नुसत्या राजकीय लोकशाहीवर थांबू नका, सामाजिक लोकशाही आणा. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, मताला समान किंमत पण माणसाला नाही, असा इशारा देतात. दहा गोष्टी सांगता आल्या असत्या त्यांना, त्यांच्याइतकं सांगण्यासारखं त्या सभागृहात कुणाकडे होतं? पण तीनच सांगितल्या आणि म्हणून ७५ वर्षांनंतरही त्या लोकांना तोंडपाठ आहेत. संविधान दिनाच्या स्पर्धेत मुलांना हे भाषण समजावून सांगितलं तरी माहिती आणि पटवणं दोन्हीचा पाया पक्का होईल असं मला मनापासून वाटतं.

पटवण्याचं मी जवळून बघितलेलं उदाहरण मात्र एका शाळा न शिकलेल्या आजींचं आहे. विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकायला एका वाडीचा विरोध होता, पाण्याला वास येतो, चव जाते, डाळ नीट शिजत नाही असं काय काय म्हणायचे. मी तीन वर्षं जंतू जंतू करून थकले होते. आपल्याकडे मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, त्या सभेत या आजी उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, गेल्या साली माझा नातू चार दिवस दवाखान्यात होता, सलाईन लागलं, दोन शेरडं विकली, ती शेरडं तुम्ही सगळ्यांनी दावणीला बघितलीत, आज दावण मोकळी आहे. मग म्हणाल्या, वास येतो हे खरं आहे, मी खोटं नाही म्हणणार, पण मी सिस्टरकडून थेंबाचं औषध घेऊन माझ्या रांजणात महिनाभर टाकून बघितलं, झाकण थोडा वेळ उघडं ठेवलं की वास कमी होतो, आणि डाळ शिजते, उद्या माझ्याकडे जेवायला या. शेवटी म्हणाल्या, कायमचं नका करू, एक महिना टाकू देत, नाही पटलं तर मी स्वतः बंद करायला सांगते. दोन मिनिटंही झाली नसतील. बायकांनी हात वर केले.

माझ्या नातीच्या कॉलेजच्या पुस्तकात मी वाचलं की ॲरिस्टॉटल नावाच्या ग्रीक विचारवंताने २३०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, पटवायला तीन गोष्टी लागतात, बोलणाऱ्यावर विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालणं आणि बोलण्यात पुरावा. आजींकडे तिन्ही होत्या. आणि अजून एक गोष्ट होती जी मला सगळ्यात मोलाची वाटते, त्यांनी समोरच्याची अडचण खरी आहे हे आधी कबूल केलं. वास येतो हे खरं आहे! मी तीन वर्षं 'कुठे येतो वास' असं म्हणत राहिले आणि तिथेच लोक माझ्यापासून तुटले. आणि मागितलं काय तर एक महिना, त्यामुळे हो म्हणायला कुणाला जड गेलं नाही.

याची दुसरी बाजू पण लिहिलीच पाहिजे. पटवायची कला ज्याला येते तो चांगल्यासाठीच वापरेल असं नाही. गावोगाव येऊन गुडघेदुखीच्या पावडरी विकणारे, दामदुप्पट करून देतो म्हणणारे, हे पण फार सुंदर बोलतात, त्यांच्याकडे रडवणारी गोष्ट असते, ओळखीच्या माणसाचा दाखला असतो, आजच घ्या उद्या मिळणार नाही अशी घाई असते. माहिती मात्र नसते, किंवा तुम्ही विचारली तर विषय बदलतात. माझ्या मते फरक एवढाच आहे की प्रामाणिकपणे पटवणारा माणूस तुम्हाला विचार करायला वेळ देतो आणि उलट प्रश्न विचारलेला त्याला आवडतो. ज्या मुलाला शाळेत असताना स्वतः कुणाला तरी काहीतरी पुराव्याने पटवून द्यायची सवय लागेल, त्याला समोरचा आपल्याला कुठे गुंडाळतोय हेही लवकर कळेल, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रत्येक व्हिडिओपुढे तो मान डोलवणार नाही.

म्हणून स्पर्धा घेणाऱ्या सगळ्या शाळांना, मंडळांना, वाचनालयांना माझी कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्राला व्याख्यानांची मोठी परंपरा आहे, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना शहाणं करण्यासाठी, टाळ्यांसाठी नाही. तर गुणपत्रकात थोडा बदल करा. पाठांतराचे मार्क काढून ते ऐकणाऱ्यांना द्या, म्हणजे भाषण झालं की समोर बसलेल्या दोन मुलांना विचारायचं, काय कळलं सांगा, आणि त्यांनी नीट सांगितलं तर मार्क बोलणाऱ्याला. विषय देताना 'पाणी हेच जीवन' देऊ नका, 'माझ्या वस्तीवर पाणी कसं येतं' द्या. 'वृक्षारोपण काळाची गरज' देऊ नका, 'शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत काय लावावं आणि का' द्या, आणि त्यावर वर्गाला पटवायला सांगा. शिक्षकांनी भाषण लिहून देऊ नये, मुलाने कागदावर चार शब्द लिहून आणावेत आणि त्यावरून बोलावं, अडखळलं तर अडखळू दे. लिहून पाठ केलेल्या भाषणाचं असं असतं की एक ओळ निसटली की सगळंच निसटतं, त्या मुलीचं तेच झालं, टँकरचं सांगताना ती एकदाही अडखळली नाही कारण तिथे आठवायचं काही नव्हतंच.

घरी प्रॅक्टिस करायची तर आरशासमोर करण्यापेक्षा आजीसमोर करा असं मी मुलांना सांगते, आरसा काही विचारत नाही, आजी विचारते. मोबाईलवर वेळ लावून एकदा मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात ३ मिनिटं वाटलेलं भाषण तोंडाने ५ मिनिटांचं होतं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठेवा. भीती वाटणारच, मला ३१ वर्षांनंतरही उठताना हात गार पडतात, पण बोलायला लागल्यावर समोरच्या एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून सुरुवात केली की चार वाक्यांत जाते.

त्या दिवशी निकाल लावताना मी बाकीच्या दोन परीक्षकांना ही टँकरची गोष्ट सांगितली. नियमात बसत नाही म्हणून बक्षीस देता आलं नाही, ते मलाही मान्य आहे, नियम सगळ्यांना सारखाच. पण बक्षीस समारंभाच्या आधी दहा मिनिटं मोकळी होती, पाहुणे यायचे होते, तेव्हा मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आणि मी तिला पुढे बोलावून म्हटलं, मघाशी मला सांगितलंस तेच सांग, खडू घे आणि फळ्यावर काढून दाखव. ती आली, विहीर काढली, रांग काढली, मोटर काढली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, मग टँकर विहिरीत न ओतता टाकीत ओतला आणि टाकीला नळ लावले तर? ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, टाकी आहे, गळते म्हणून वापरत नाहीत. हॉलमध्ये एकदम चर्चाच सुरू झाली, दोन शिक्षकसुद्धा त्यात पडले, टाकी कधीची आहे, दुरुस्तीला कुणाला सांगायचं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी तिथली महिला सभा आहे. तिची आई म्हणाली, मी येते पण मला बोलता येत नाही. मी तिला म्हटलंय, आपण दोघी एकदा बसू, फळ्यावरचं ते चित्र एका मोठ्या कागदावर काढून घेऊ, आणि मागायचं एकच, टाकीची गळती काढून द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. सोलापूर